झुकलेल्या भिंतीचा मालक

कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परतला नाही, तर आपल्या घराघरांतून पहिले वाक्य उमटते ते हेच, की त्याची वेळ भरली होती. वाक्य खोटे नाही. मृत्यूची घटका अल्लाहने नेमलेली आहे, ती क्षणभरही पुढेमागे होत नाही, ही आपली श्रद्धा आहे आणि दुःखाच्या पहिल्या आघातात तीच माणसाला सावरते. परंतु दफनविधी आटोपून लोक परतल्यावरही तेच वाक्य तसेच उभे राहते आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाच्या तोंडावर हात ठेवते. यंत्राची जाळी कोणी काढली होती? त्या पिंपात आधी काय होते? महिनाभर वायर उघडी पडली होती, ते कोणाकोणाला ठाऊक होते? हे विचारणे म्हणजे जणू अल्लाहच्या निर्णयावर आक्षेप घेणे, असे समजून माणसे गप्प बसतात. या गप्प बसण्यात धर्म किती आणि सोय किती, याचा विचार आपण करावा, यासाठी हा लेख आहे.

कळमेश्वरच्या वाचकांना उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. १७ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी सकाळी, जवळच्याच बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. सहा महिन्यांच्या आत, १३ जून २०२४ रोजी, धामणा येथील दुसऱ्या स्फोटक कारखान्यात तेच घडले आणि तेथेही मृतांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ कामगार मृत्युमुखी पडले. या घटनांची वर्तमानपत्रांनी दखल घेतली, मंत्री आले, मदत जाहीर झाली. औद्योगिक वसाहतीच्या भोवताली पसरलेल्या वेल्डिंगच्या दुकानांत, गॅरेजांत, भंगाराच्या गोदामांत एखाद्याची बोटे जातात, एखाद्याचा डोळा जातो, त्याची मात्र चार ओळींची बातमीही होत नाही. आणि आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल नेमक्या याच दुकानांवर पेटते.

प्रथम नियतीचा प्रश्न. दुसरे खलीफा आदरणीय उमर (रजि.) सिरियाकडे निघाले असता सरग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ पसरली आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. तेव्हा आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? प्रश्न विचारणारा सामान्य माणूस नव्हता. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि त्यांनी उदाहरण दिले दरीचे. एक उतार हिरवा, दुसरा उजाड; उंट कोणत्याही उतारावर चारले तरी ते तकदीरनेच चारले जातील, मग शहाणा मेंढपाळ कोणता उतार निवडील? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट अशी, की उमर (रजि.) यांनी तकदीर नाकारली नाही आणि निर्णयाची जबाबदारीही तकदीरवर ढकलली नाही. कोणत्या उतारावर जायचे हे मेंढपाळाने ठरवायचे असते. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ती इतकी पाठ झाली आहे की दोर कोठे झिजला आहे हे पाहण्याची गरज आपल्याला उरलेली नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची संकटापूर्वीच संकटाकडे पाहण्याची पद्धत कशी होती, हे दोन-तीन हदीसींवरून दिसते. मदीनेत एका रात्री एक घर त्यातील माणसांसह जळाले. प्रेषितांना (स.) ते कळले तेव्हा त्यांनी आगीला तुमची शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याचा आदेश दिला. दुसऱ्या एका हदीसीत कारणही सांगितले आहे: उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घराला आग लागते. पहा, येथे आग वाईट असा मोघम उपदेश नाही. दिवा, त्याची वात, वातीतील तेलाच्या लोभाने येणारा उंदीर, अंधार, झोपलेली माणसे, अशी संकटाची पूर्ण साखळी दोन वाक्यांत मांडली आहे आणि तिची सर्वांत सोपी कडी तोडण्यास सांगितले आहे. उंदीर पकडत बसू नका, दिवा विझवा. मशिदीतून बाणांचे भाते घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यांनी बाणांची टोके हातात धरण्यास सांगितले. परत फिरण्यास सांगितले नाही, कारण त्याचे काम अडवायचे नव्हते, दुसऱ्याला होणारी इजा अडवायची होती. उघडी तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई केली. कठडा नसलेल्या गच्चीवर झोपणाऱ्याविषयी अबू दाऊदमध्ये सक्त इशारा आहे की, त्याने आपल्या रक्षणाची हमी स्वतःच गमावली.

(यावरून आधुनिक सुरक्षाशास्त्र चौदाशे वर्षांपूर्वीच आपल्याकडे होते, असा दावा करण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळलेला बरा. ज्यांच्याकडे हे मार्गदर्शन होते त्यांच्या दुकानांत आज गॅसच्या नळीला चिंधी बांधलेली असते, एवढे त्या दाव्याच्या उत्तरासाठी पुरे आहे.)

तीच पद्धत आपल्या कामाला लावून पाहू. एक नित्याचे काम घ्या: भंगारातून आलेले रिकामे लोखंडी पिंप गॅसने कापणे. काम करणारा कारागीर म्हणेल, यात काय पाहायचे, रोज कापतो. पण कामाचे टप्पे पाडा. पिंप आले, त्यात काय भरलेले होते हे कोणी विचारले काय? रिकामे दिसणारे पिंप रिकामे नसते. थिनर, डिझेल किंवा एखादे रसायन सांध्यांत, गंजात चिकटून राहते. ज्वाला लागताच त्याची वाफ होते, ती आतील हवेत मिसळते आणि बंद पिंप बॉम्बसारखे फुटते, त्याचे झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. नाकाला वास आला नाही म्हणून वाफ नाही असे नसते. पुढचा टप्पा, बूच उघडणे. आत दाब असेल तर? मग धुणे, धुतलेले पाणी कोठे जाते? मग कापणे, ठिणग्या किती हातांवर उडतात आणि तेथे काय ठेवलेले आहे? सिलिंडर उभे बांधलेले आहे की आडवे लोळते आहे? ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात तर लागत नाही? अशा दहा प्रश्नांना अर्धा तासही लागत नाही. आणि हे प्रश्न दुकानमालकाने एकट्याने बसून लिहायचे नसतात. रोज पिंप कापणारा, ते वाहून आणणारा आणि झाडू मारणारा पोऱ्या, या तिघांना विचारल्याखेरीज खरी यादी तयार होत नाही. कारण धोका ज्याच्या अंगावरून गेलेला असतो त्यालाच तो दिसलेला असतो.

मग उपाय. येथे क्रमाला फार महत्त्व आहे आणि नेमका हाच क्रम आपल्याकडे उलटा लावला जातो. पहिला प्रश्न असा असायला हवा की हा धोका मुळातच टाळता येईल काय? अज्ञात रसायनाची पिंपे विकतच घेतली नाहीत तर? ज्वालेऐवजी छिन्नीने किंवा कातरीने कापता आले तर? ते जमत नसेल तर आत शिरणारी हवाच काढून टाकावी: पिंप पाण्याने कापायच्या रेषेखालपर्यंत भरले की वाफ साठायला जागा थोडीच उरते. त्यानंतर आडोसा, अंतर, एका वेळी एकच माणूस जवळ, बाकीचे दूर. आणि सर्वांत शेवटी चष्मा, हातमोजे, बूट. आपण मात्र सुरुवातच हातमोज्यांपासून करतो, कारण ते स्वस्त असतात आणि अपघात झाल्यावर दिले होते पण त्याने घातले नाहीत असे म्हणता येते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात हेच घडले. कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, दमट उकाडा होता, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, जोरदार पंपाचा तुषार थेट तोंडावर येत होता. चर्चा मात्र बराच काळ एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिली, की मजुरांनी मास्क आणि हातमोजे का वापरले नाहीत? विदर्भाच्या दमट उन्हात अंगभर प्लॅस्टिक घालून आठ तास पंप पाठीवर वाहता येतो काय, हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा तरी तो वाहून पाहावा. जे औषध मिसळू नये ते विकणारा, शिफारस करणारा, रोजाने मजूर लावून शिवाराच्या शिवार एका दिवसात आटोपायला सांगणारा, हे सगळे त्या मास्कमागे लपले.

जेथे धोका नष्ट करणे शक्यच नाही, तेथे काय? बाजारगावसारख्या ठिकाणी स्फोटक हेच उत्पादन आहे. म्हणूनच त्या उद्योगात प्रत्येक इमारतीत एका वेळी किती माल आणि किती माणसे असावीत याची मर्यादा ठरवलेली असते, इमारतींमध्ये अंतर राखलेले असते, मधे मातीचे बांध घातलेले असतात. तेथे माणसांची संख्या हाच सुरक्षेचा उपाय आहे. अशा जागी अधिक हात लावून काम लवकर उरकणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, जीविताचा सौदा आहे. एका मनुष्याचा जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला जीवन देणे, ही पवित्र कुरआनची शिकवण (सूरह अल-माइदा, आयत ३२) आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो. त्याच आयतीचा पहिला भाग अन्यायाने एक जीव घेण्याबद्दल आहे आणि हिशेब तेथेही तितकाच मोठा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अपघाताचा जाब कोणाला द्यावा लागेल? एक आक्षेप विद्वान वाचकांच्या मनात आला असेल. प्रमाणभूत हदीस आहे की विहिरीत पडून किंवा खाणीत दबून झालेल्या मृत्यूची भरपाई नाही. मग कारखान्याच्या मालकाला धर्म कसा जबाबदार धरतो? फिकहच्या विद्वानांनी ही हदीस मोकाट सोडलेली नाही. स्वतःच्या जागेत, कोणतीही मर्यादा न ओलांडता खोदलेल्या विहिरीबद्दल ती आहे. वाटेत विहीर खोदणाऱ्याला त्यांनी भरपाईला बांधलेले आहे. म्हणजे प्रश्न विहिरीचा नाही, मर्यादा ओलांडण्याचा आहे.

आणि मर्यादा कोठे ओलांडली जाते, याचे सर्वांत सुंदर विवेचन मला हनफी ग्रंथांतील झुकलेल्या भिंतीच्या प्रकरणात दिसते. बुरहानुद्दीन मरगीनानी (रह.) यांच्या हिदाया या ग्रंथात, रक्तमूल्याच्या अध्यायात ते येते. एखाद्याची भिंत वाटेच्या बाजूला कलली. ती आपोआप कलली, यात मालकाचा दोष नाही. अचानक कोसळली आणि कोणी दगावला तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु कोणीतरी येऊन साक्षीदारांसमक्ष त्याला सांगितले की भिंत झुकली आहे, उतरवून घे, आणि उतरवता येईल एवढा अवधी मिळूनही त्याने ती तशीच ठेवली, तर त्या क्षणापासून तिच्याखाली जाणाऱ्या प्रत्येक जिवाचा तो जबाबदार. सांगणारा कोण होता याला महत्त्व नाही. मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, वाटेने जाण्याचा हक्क सर्वांचा, म्हणून इशारा देण्याचा हक्कही सर्वांचा. सांगावे मात्र त्यालाच लागते ज्याच्या हाती भिंत उतरवण्याचा अधिकार आहे. भाडेकरूला सांगून उपयोग नाही. आणि शेवटचा बारकावा: भिंत बांधतानाच कलती बांधली असेल, तर इशाऱ्याचीही गरज नाही. तेथे गुन्हा पहिल्या विटेपासून सुरू झाला.

आपापल्या कामाच्या जागी हे लावून पाहा. पट्ट्यावरची जाळी झिजून तुटली, ही आपोआप कललेली भिंत. कामगाराने सांगितले आणि मालकाने पुढच्या महिन्यात पाहू म्हटले, येथे जबाबदारी सुरू झाली. चारशे रुपये स्वस्त पडते म्हणून जाळीविनाच यंत्र घेतले, ही कलती बांधलेली भिंत. कोणी सांगण्याची वाट पाहण्याची सवलत या मालकाला नाही. यावर मुफ्तींनी प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्र द्यावा, पण दिशा एवढी स्पष्ट असताना ठाऊक नव्हते या शब्दांवर किती भार टाकायचा? काही मालक तर कामगाराचे तोंड याच कारणाने बंद ठेवतात. कळले की करावे लागेल, म्हणून कळूच द्यायचे नाही. मनुष्याच्या कायद्यापुढे ही युक्ती कधी कधी चालते. अंतःकरणातील गोष्टी जाणणाऱ्यापुढे ती चालेल अशी आशा कोणी बाळगू नये.

कायद्यानेही, उशिरा का होईना, हीच वाट धरली. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातील कामगाराला जीविताला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क त्यात मान्य झाला आणि धोका खरा असेल तर ताबडतोब उपाय करण्याचे बंधन व्यवस्थापनावर आले. पण कायद्याला संख्या लागते. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी जुन्या कायद्यात सर्वसाधारणपणे दहा कामगार लागत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत वीस लागतात. तीन-चार माणसांचे वेल्डिंगचे दुकान दोन्हींच्या बाहेर. झुकलेल्या भिंतीच्या नियमात अशी कोणतीही संख्या नाही. तिच्याखालून एकच माणूस जात असला तरी नियम तोच. म्हणून आपल्यातील ज्यांचे दुकान छोटे आहे, ज्यांच्या हाताखाली एक भाचा आणि एक शेजारचा मुलगा काम शिकतो, त्यांच्यावरील जबाबदारी मोठ्या कारखानदाराहून कमी नाही. फक्त ती तपासायला येणारा इन्स्पेक्टर नाही. काम शिकणारा मुलगा चौदा वर्षांखालील असेल तर त्याला कामाला ठेवणेच गुन्हा आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर लावणेही. उस्तादाचा हात डोक्यावर आहे, या समाधानावर आईवडील मूल सोपवतात. ते समाधान अमानत आहे.

कामगाराच्या बाजूनेही स्पष्ट बोलले पाहिजे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात न लोटण्याचा आदेश (सूरह अल-बकरा, आयत १९५) कामगारालाही आहे. नगावर मजुरी असते, जाळीमुळे हात मंदावतो, म्हणून ती काढून बाजूला ठेवली जाते. वरून मर्दानगीचे दोन शब्द. शरीर आपल्या मालकीचे नाही, हे आत्महत्येच्या बाबतीत आपण मानतो. बोटांच्या बाबतीत का मानत नाही? तरीही मी या दोन दोषांना एका तागडीत तोलणार नाही. जाळी काढणाऱ्याच्या घरी भाडे थकलेले असते. ज्या मजुरीच्या दराने जाळीसह काम केल्यास घर चालतच नाही, तो दर ठरवणाऱ्याने जाळी स्वतः हाताने काढलेली नसली तरी काढायला लावलेली असते. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या शक्तीपलीकडचा भार टाकू नका, आणि टाकलाच तर त्यांना मदत करा, या हदीसीचा (बुखारी, मुस्लिम) संबंध केवळ पाठीवरच्या ओझ्याशी नाही.

इशारा देणाऱ्याची भीतीही खरी आहे. ठेकेदाराच्या माणसाला उद्यापासून येऊ नको एवढे म्हटले की झाले. म्हणून एकट्याने बोलू नये. हनफी विद्वानांनी साक्षीदार सांगितले ते उगीच नव्हे. दोन-तीन सहकाऱ्यांनी मिळून, तारीख घालून, कोणत्या यंत्रावर काय तुटले आहे एवढे चार ओळींत लिहावे, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि ज्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार आहे त्याच्याच हातात द्यावे. रागाचे शब्द नकोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मशिदीत अस्रनंतर बसणाऱ्या शिकलेल्या तरुणांनी लिहून द्यावे. निवडणुकीच्या याद्या तपासायला आपल्याकडे लोक मिळतात, यालाही मिळतील.

रमजानचा विषय वेगळा नाही. तरावीह आणि सहरीने तुटलेली झोप, दुपारनंतर उतरलेली साखर, वर पत्र्याचे शेड आणि समोर भट्टी. हे सर्व त्या महिन्यापुरते नवे धोके आहेत आणि इतरांप्रमाणे तेही आधी मोजता येतात. भट्टीसमोर जिवावर बेतेल अशी अवस्था झाली तर रोजा सोडून नंतर त्याची कजा करण्याची मुभा आहे. आपल्या जवळच्या आलिमांकडून तपशील रमजानपूर्वीच विचारून घ्यावा, भोवळ आल्यावर नव्हे. दुकानमालकाला याहून सोपे एक काम आहे. शाबानमध्येच रोजच्या कामांची यादी घेऊन बसावे. गॅसकटिंग, शिडीवरचे काम, जड उचल आणि करवतीचे काम सकाळच्या पहिल्या तीन-चार तासांत लावावे, मोजमाप, घासकाम आणि झाडलोट दुपारनंतर ठेवावी, आणि इफ्तारच्या आधीच्या तासात कोणाच्याही हाती फिरते यंत्र देऊ नये.